तोंड ठेवायची जागा

आश्वेहून दोन तास स्कूटर हाकत कुंकळ्ळीला आला तो मुलगा,
रॉयस्टन, कानात बाळी, पोटरीला वाळू,
आणि सोप्यावर ठेवला त्याने प्लास्टिकचा एक चिमटा,
पोपटाच्या चोचीएवढा.
"असे चोवीस. लाकडाचे. लाल-पिवळे,
तुमच्या पाळण्यांसारखे."

यांनी तो चष्म्याजवळ नेला, लांब नेला.
पाळणे केलेत यांनी, लाटणी, कुंकवाचे करंडे,
एका पाद्रीच्या कपाटाच्या मुठी.
हे काय, ते कळेना.

"हुक्क्याचं हो. नळी असते ना लांब,
ओढून झाली की लोक देतात वाळूत टाकून,
मग पुढचा तीच चोखतो.
हे अडकवायचं हुक्क्याच्या मानेला
आणि यात ठेवायचं तोंड."
तोटी म्हणायचं असेल त्याला.
तोंड म्हणाला.

मी चरकाची दोरी धरून बसलेली.
मोटर आहे घरात, पण बारीक लाकूड ती भिरकावते,
म्हणून मी.
एकतीस वर्षं मी ओढते, हे कातरतात.
उजवा दंड डाव्याहून जाड झालाय,
शिंपी दोन बाह्यांची मापं वेगळी घेतो
आणि काही विचारत नाही.
चरकावर बोलायचं नसतं.
एक शब्द, की पटाशी घसरली,
दिवसाचं काम चुलीत.
जे जे ओठांवर आलं
ते ते मी दोरीबरोबर मागे ओढलं.

कुड्याचं लाकूड, दुधासारखं पांढरं.
पहिले दोन चिमटे फुटले. तिसरा जमला.
फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली यांनी
आणि लाल रंग आपसूक वितळून चढला,
मग केवड्याचं पान दाबून धरलं
तेव्हा त्यात खिडकी दिसू लागली.
यांच्या आजोबांची गुडगुडी करवंटीची होती म्हणे,
भिंतीला टेकून निजायची.
तिला असले लाड नव्हते.

चोवीस झाले. पंचविसावा वाकडा.
यांची कंबर धरलेली, म्हणून पिशवी घेऊन मीच गेले,
मडगाव, पणजी, म्हापसा, तीन बस,
म्हापशाला एक मिरची-भजी.
मालकाने मोजले, दोन बाजूला काढले,
रंग कमी म्हणून. पैसे बावीसचे.
दोन मी परत घेतले नाहीत.
का, कोण जाणे.

पाणी मागितलं आणि बाकावर टेकले.
समोर एक मुलगी, एक मुलगा,
मध्ये तो काचेचा बुडबुडणारा हुक्का.
नळी हिच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून हिच्याकडे,
धूर सगळा, शब्द एक नाही.
मला वाटलं, आमचाच चरक.
मग मुलीने नळी यांच्या चिमट्यात ठेवली,
अलगद, झोपलेल्या पोराला ठेवावं तशी,
आणि काहीतरी म्हणाली.
चार-पाच शब्द असतील, हिंदीत.
समुद्राने मला ऐकू दिले नाहीत.
मुलगा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.
नळीला परत कुणी हात लावला नाही.

घरी आले तेव्हा दिवे लागले होते.
सकाळी तो पंचविसावा, वाकडा,
चरकाच्या खांबाला ठोकला मी दोन चुका मारून.
हे म्हणाले, "हुक्का ओढणार की काय आता?"
मी बसले. ओढू लागले.
लाकूड गोल व्हायला आलं होतं,
हातखंड्याच्या ऐन वेळी
दोरीची मूठ मी चिमट्यात ठेवली.
चरक थांबला.
बाहेर कुणाचा तरी कोंबडा, अवेळी.

नाव एकदाच घेतलं होतं मी यांचं,
लग्नात, उखाण्यात,
तेही चांदीच्या ताटाआड लपवून.

"सगुण," म्हटलं,
"पटाशी दे इकडे.
तू ओढ."

त्याने आधी केवड्याचं पान खाली ठेवलं.
मग चष्मा.